मुंबई विद्यापीठाच्या ऐकीव गोष्टी: खऱ्या किती, रंगवलेल्या किती?

ओव्हल_मैदान (धागाकर्ता)

मंडळी, विद्यापीठाचा विषय निघाला की आपण केटी (राहिलेले विषय), रिव्हॅल (पेपरची फेरतपासणी) आणि हॉलतिकीट याच्या पुढे जातच नाही. पण फोर्टातल्या आवारात जुन्या लोकांशी, म्हणजे लायब्ररीतले शिपाई, रिटायर झालेले क्लार्क, फुटपाथवरचे पुस्तकवाले, यांच्याशी गप्पा मारल्या की एकेक गोष्टी निघतात, आणि गंमत म्हणजे त्यातल्या निम्म्या एकमेकींना छेद देतात. म्हणून हा धागा. ज्याला जे ठाऊक आहे ते टाका, फक्त ऐकीव असेल तर ऐकीव म्हणा आणि नोंद असलेलं असेल तर तसं सांगा, नाहीतर व्हॉट्सॲपचं फॉरवर्ड आणि आपण यात फरक काय राहिला.

थोडी पार्श्वभूमी. १८ जुलै १८५७. उत्तरेत बंड पेटलेलं, आणि त्याच आठवड्यात कलकत्त्याला बसून इंग्रज मुंबईसाठी विद्यापीठाचा कायदा मंजूर करतायत. १८५४ चा वुडचा खलिता (शिक्षणाविषयीचा सरकारी आदेश) त्याच्या मागे होता, कलकत्ता, मुंबई, मद्रास तिन्ही एकाच वर्षातली. पहिल्या फेलो मंडळींत जगन्नाथ शंकरशेठ आणि भाऊ दाजी होते. पण स्वतःची इमारत नाही! टाऊन हॉलात, म्हणजे आताच्या एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्या चढून आत, तिथे कारभार. १८५९ ला पहिली मॅट्रिक झाली, सव्वाशेच्या वर मुलं बसली आणि पास झाली जेमतेम वीस-बावीस. (निकालाची परंपरा जुनी आहे, एवढंच म्हणतो.)

आता सगळ्यात फेमस गोष्ट. फोर्टातल्या आवारातला राजाबाई टॉवर कापसाच्या तेजीतले बडे शेठ प्रेमचंद रायचंद यांनी आईसाठी बांधला कारण आई दृष्टिहीन होती, जैन असल्यामुळे सूर्यास्ताच्या आत जेवायचं, आणि वेळ कळायला दुसऱ्या कुणावर अवलंबून राहायला नको म्हणून टोले देणारं घड्याळ. गाईड हेच सांगतात, शाळेच्या सहलीत हेच सांगतात, आता तर रील्समध्ये पण हेच.

नोंद काय सांगते? प्रेमचंदांनी १८६४ साली आधी दोन लाख दिले लायब्ररीसाठी. मग थोड्याच दिवसांत आणखी दोन लाख, घड्याळाच्या मनोऱ्यासाठी, आणि त्याला आईचं, राजाबाईंचं नाव द्यावं अशी इच्छा. बस. कोनशिला बसली १ मार्च १८६९ ला आणि मनोरा पुरा झाला नोव्हेंबर १८७८ ला. म्हणजे देणगी ते घंटा चौदा वर्षं. आईच्या रोजच्या जेवणाची सोय करायची तर माणूस चौदा वर्षं थांबेल का हो? शिवाय प्रेमचंदांचा बंगला भायखळ्याला आणि टॉवर फोर्टात.

मला वाटतं की आईच्या नावाने मनोरा हे खरं, बाकीचं लोकांनी मायेने चिकटवलं. तुम्ही बोला.

कलिनाचा_डास

जागा पकडून ठेवतोय, पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

तेव्हा गाड्या नव्हत्या, हॉर्न नव्हते, मेट्रोचं खोदकाम नव्हतं, २८० फुटांवरनं घंटा वाजली तर भायखळ्याला ऐकू जात असेलही की. उगाच चांगल्या गोष्टीची वाट लावू नका काका.

ओव्हल_मैदान

@डास, वारा खाडीकडे असेल त्या दिवशी आई उपाशी राहणार मग. आणि काका कुणाला म्हणतोस रे.

हिशेबनीस

घंटेपेक्षा पैशाची गोष्ट जास्त भारी आहे, ती कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो.

१८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडच्या दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि सगळी मागणी आली मुंबईकडे. शहरात पैसा असा आला की तो ठेवायचा कुठे हे कळेना, मग रोज नवी बँक, रोज नवी फायनान्शियल, रोज नवी रेक्लमेशन (समुद्र बुजवून जमीन करायची) कंपनी. बॅक बे रेक्लमेशनच्या शेअरचे भाव तर वेड लागल्यासारखे चढले. ह्या सगळ्याच्या मधोमध बसलेला माणूस कोण, तर प्रेमचंद रायचंद. त्याने होय म्हटलं की कंपनी उभी.

एप्रिल १८६५ ला यादवी संपली आणि कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायद्याचे सौदे पुरे करायचा दिवस, त्या दिवशी अर्धी मुंबई बुडाली. प्रेमचंद पण बुडाले. पण विद्यापीठाला दिलेले चार लाख आधीच देऊन झालेले होते, ते तेवढे वाचले! म्हणजे त्या काळच्या कागदी श्रीमंतीतलं दगडात उरलेलं जे काही आज दिसतं त्यात हा टॉवर येतो. देणगी वर्षभर लांबली असती तर राजाबाई टॉवर नसता, एवढा साधा हिशेब आहे.

याच तेजीत रुस्तमजी जमशेटजी जीजीभाईंनी भारतीय मुलांना बॅरिस्टर व्हायला विलायतेला पाठवण्यासाठी दीड लाख देऊ केले होते. फिरोजशहा मेहता त्यातनं गेले आणि ते तिकडे शिकत असतानाच इकडे मंदीत देणगीदारच बुडाले. हेच मेहता पुढे १९१५ ला विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

आणखी एक, प्रेमचंदांनी कलकत्ता विद्यापीठाला पण दोन लाख दिलेत. तिथली प्रेमचंद रायचंद स्टुडंटशिप बंगाल्यांमध्ये एवढी मानाची की आशुतोष मुखर्जींसारख्यांनी ती मिळवलेली. आपल्याकडे दहा लोकांना विचारा, नऊ जणांना प्रेमचंद कोण ते माहीत नाही, टॉवर मात्र सगळ्यांना.

कलिनाचा_डास

हिशेबनीसकाका, हे अकाउंट्सच्या लेक्चरला सांगितलं असतं तर मी बसलो असतो.

मीनल_ठाकूरद्वार

भुताची गोष्ट कुणीच काढली नाही म्हणून मी काढते. आमच्या वेळी लायब्ररीत संध्याकाळी उशिरापर्यंत बसलं की कुणीतरी हमखास म्हणायचं, वर दोन पारशी मुली दिसतात. खूप वर्षं मला ते हॉस्टेलटाईप थापेबाजी वाटायचं. मग कळलं की त्यामागे खरी आणि फार वाईट घटना आहे.

२५ एप्रिल १८९१. बच्चूबाई आणि पिरोजबाई, एक वीस वर्षांची, एक सोळा, नात्यातल्याच. दोघी टॉवर बघायला गेल्या होत्या, तेव्हा वर जायला लोकांना परवानगी असायची. दोघी वरून पडून गेल्या. एका माणसावर आरोप झाला, खटला चालला आणि तो सुटला. शहरात महिनोन्महिने दुसरा विषय नव्हता. ती आत्महत्या होती, की कुणी हल्ला केला आणि स्वतःला वाचवायला त्यांनी उडी मारली, यावर त्या वेळी पेपरांमधून चिक्कार भांडणं झाली.

बच्चूबाई म्हणजे आर्देशिर गोदरेज यांच्या पत्नी, लग्नाला फार दिवस पण झालेले नव्हते. हेच आर्देशिर पुढे १८९७ ला कुलपं करायला लागले. त्यांनी परत लग्न केलं नाही. हे वाचल्यापासून मला कुणी भुताची गोष्ट रंगवून सांगायला लागलं की नकोसं होतं. त्या दोघींना भूत करून टाकलं आपण, नावं पण नाही ठेवली.

वर जायचा जिना बंद आहे तो यामुळे असं सांगतात.

ओव्हल_मैदान

मीनलताई, नावं लिहिलीत ते बरं केलंत.

आता मी ज्या गोष्टीसाठी धागा काढला ती सांगतो, कारण घड्याळाची खरी भानगड आईच्या जेवणाची नाहीच, ती सरकारशी झालेल्या मारामारीची आहे, आणि ती कुठलाच गाईड सांगत नाही.

तेव्हा आजच्यासारखी देशभर एक वेळ नव्हती. प्रत्येक शहराची आपली वेळ, सूर्य डोक्यावर आला की बारा. मुंबईची वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. मद्रासची साधारण अर्धा तास त्याच्याही पुढे. रेल्वे आणि तारखातं मद्रास टाईमवर चालायचं कारण गाड्यांना एकच वेळ लागते. म्हणजे मुंबईकर घरून निघताना एक वेळ, बोरीबंदरला पोचल्यावर दुसरी, आणि गाडी चुकली की दोन्हीकडच्या घड्याळांना शिव्या.

१८८१ साली गव्हर्नर होते जेम्स फर्ग्युसन (हो, पुण्यातलं कॉलेज ते ह्यांच्याच नावाचं). त्यांनी ठरवलं की सरकारी कचेऱ्यांत सरसकट मद्रास टाईम. लोक भडकले. का भडकले हे आज पटकन कळत नाही, आपल्याला वाटतं अर्धा तास इकडे तिकडे, काय फरक पडतो. पण कोर्टं, पेढ्या, दुकानं, देवळं, अग्याऱ्या सगळं सूर्यावर बसवलेलं, आणि वरून कुणी न विचारता सांगतंय की आजपासून तुमची दुपार अर्धा तास आधी. आणि त्यात मद्रासची वेळ! मुंबईने मद्रासचं ऐकायचं म्हणजे फारच झालं.

आणि इथे येतो राजाबाई टॉवर. नवं कोरं घड्याळ, शहरात सगळ्यात उंच, चारी दिशांना तबकड्या, सगळं शहर वर बघून वेळ लावणार. रात्री तबकड्या दिसाव्यात म्हणून आतून गॅसचे दिवे, आणि त्याचा खर्च कोण देणार हा प्रश्न. सरकार म्हणालं, दिव्याचे पैसे आम्ही देऊ, पण घड्याळ मद्रास टाईम दाखवेल तरच. सिनेटमध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या कारभारी सभेत, विषय आला आणि सिनेट म्हणाली, नको तुमचे दिवे, घड्याळ मुंबईचीच वेळ दाखवेल.

बसा अंधारात, पण वेळ आमची. हे मला भयंकर आवडतं. हे कुणी क्रांतिकारक नव्हते हो, नाईट, रावबहादूर, बॅरिस्टर, वर्षभर सरकारी समारंभांना टोप्या-पगड्या घालून जाणारी माणसं. आणि अडून बसली कशावर, तर घड्याळाच्या काट्यावर. शेवटी १८८३ ला सरकारने तो मद्रास टाईमचा हुकूमच मागे घेतला.

भांडण तिथे संपलं नाही. १९०६ च्या जानेवारीपासून आजचा इंडियन स्टँडर्ड टाईम आला, मुंबईच्या वेळेच्या ३९ मिनिटं पुढे, तेव्हा गिरणी कामगारांनी दंगा केला, कारण त्यांच्या दृष्टीने मालक सकाळी ३९ मिनिटं आधी कामाला जुंपत होता. महापालिकेने तर जिद्दीने मुंबई टाईमच ठेवला आणि तो स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं चालला.

तेव्हा पुढच्या वेळी ओव्हलवर उभं राहून कुणी आईच्या जेवणाची गोष्ट सांगायला लागलं तर त्यांना ही पण सांगा.

हिशेबनीस

जबरा. खर्च वाचवायचा असला की सिनेटला कुठलंही तत्त्व सापडतं, पण इथे खर्च अंगावर घेऊन तत्त्व पाळलंय, म्हणून मान्य.

कलिनाचा_डास

म्हणजे लेक्चरला उशीर झाला तर "सर मी बॉम्बे टाईमवर आहे" असं म्हणता येईल. ३९ मिनिटं म्हणजे जवळजवळ पूर्ण लेक्चर निघतं.

सदाशिवपेठी

मुंबईचा धागा आहे हे दिसतंय, पण पुण्याशिवाय मुंबईचा इतिहास पुरा होत नाही म्हणून प्रतिसाद देणं भाग आहे.

आमचं विद्यापीठ १९४९ चं, मान्य. सुरुवातीला भांडारकर संस्थेतल्या निजाम गेस्ट हाऊसमध्ये कारभार होता, मग गणेशखिंडीत आलं, पहिले कुलगुरू बॅरिस्टर जयकर. पण इमारत जुनी. मुंबईच्या गव्हर्नराचा पावसाळी मुक्काम तिथे असायचा, बार्टल फ्रिअरने १८६४ च्या सुमाराला काम काढलं आणि खर्च एवढा वाढला की पार लंडनपर्यंत बोंब गेली. हिशेबनीसांनी वर सांगितलेल्या कापसाच्या तेजीचंच ते पोर. तळघरातल्या भुयाराबद्दल पुण्यात जितकी तोंडं तितक्या कथा. कुणी म्हणतं पार शनिवारवाड्यापर्यंत जातं (भुयार म्हटलं की पुण्यात ते शनिवारवाड्यापर्यंतच जातं, ट्रॅफिक नसतो ना खाली). माझ्या मते नोकरांना साहेबाच्या समोर न येता ताटं आणता यावीत एवढ्यासाठीच ते असणार, पण हे सांगितलं की ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो.

२२ जून १८९७ ला व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला साठ वर्षं झाली म्हणून याच इमारतीत मेजवानी झाली. प्लेगच्या वेळी पुण्यात घराघरांत शिरून धुमाकूळ घातलेला रँड तिथे गेला होता. रात्री बग्गी परतताना गणेशखिंडीच्या रस्त्यावर "गोंद्या आला रे" ची आरोळी आली आणि दामोदर चाफेकरांनी रँडला गाठलं. मागच्या बग्गीतला आयर्स्ट बाळकृष्णांच्या गोळीने जागीच गेला, रँड ३ जुलैला गेला. पुढे तिघे भाऊ आणि महादेव रानडे फाशी गेले. रोज हजारो पोरं त्या रस्त्याने बसने जातात.

आता मुंबईशी संबंध. दामोदरपंतांचं तुरुंगातलं आत्मवृत्त आहे. त्यात ते सांगतात की रँडच्या आधी त्यांनी मुंबईत राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं होतं, आणि तुमच्या विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेसाठी घातलेला मांडव पेटवून दिला होता! म्हणजे परीक्षा पुढे ढकलण्याचा हा सर्वात गंभीर प्रयत्न म्हणायला हरकत नाही.

ओव्हल_मैदान

नाना, मांडवाची गोष्ट एक नंबर. माहीत नव्हती. आल्याबद्दल पुण्याचे आभार, आणि १९४९ पर्यंत तुमची फर्ग्युसन, डेक्कन सगळी आमच्याकडेच परीक्षा देत होती हे जाता जाता नोंदवतो.

सदाशिवपेठी

देत होती, आणि पहिली येत होती.

जुनी_जाणती

पहिली येण्यावरून आठवलं, डेक्कन कॉलेजचीच गोष्ट सांगते आणि ती दोन्ही शहरांनी खाली मान घालून ऐकायची आहे.

१८७५ च्या सुमारास बेळगावच्या एका पारशी गृहस्थांनी विद्यापीठाला पत्र लिहून विचारलं की माझ्या मुलीला मॅट्रिकला बसू द्याल का. उत्तर नाही असं आलं, कारण काय तर कायद्यात विद्यार्थ्याचा उल्लेख सगळीकडे पुल्लिंगी आहे, मुलीचा विचारच त्यात नाही. त्यावर चर्चा, समित्या, कागद इकडून तिकडे, आणि १८८३ ला कुठे नियम बदलून मुलींना दार उघडलं. ती बेळगावची मुलगी तोवर कुठल्या कुठे गेली असेल.

मग आली कॉर्नेलिया सोराबजी. पुण्याची, डेक्कन कॉलेजात शेकडो मुलांत ही एकटी. मुलं तिच्या तोंडावर वर्गाचं दार लावून घ्यायची हे तिने स्वतः पुढे सांगितलंय. १८८८ च्या सुमारास ही बाई फर्स्ट क्लासमध्ये पदवीधर झाली, मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर. तिच्या निकालावर विलायतेला जाण्याची सरकारी स्कॉलरशिप तिला मिळायला हवी होती, ती नाकारली, कारण बाई. एवढंच कारण. शेवटी इंग्लंडमधल्या काही लोकांनी वर्गणी काढली, त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेल पण होती, आणि ती ऑक्सफर्डला गेली. तिथे १८९२ ला कायद्याची परीक्षा दिली, आणि डिग्री? डिग्री हातात मिळाली १९२२ ला. तीस वर्षांनी! कारण १९२० पर्यंत ऑक्सफर्ड बायकांना डिग्री देतच नव्हतं.

त्यामुळे मला कुणी "आमचं विद्यापीठ किती पुरोगामी" असं म्हटलं की मी विचारते, कुठल्या सालापासून?

मीनल_ठाकूरद्वार

जाणतीताई +१००. टॉवरवरच्या पुतळ्यांबद्दल गाईड तासभर बोलतात, कॉर्नेलियाबद्दल एक वाक्य नाही.

कोळीवाडा_एक्सप्रेस

पुतळ्यांचा विषय निघालाच आहे तर, ते मुळीच सोडून देण्यासारखे नाहीत. टॉवरवर पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या जातीजमातींचे २४ पुतळे आहेत, पारशी, कच्छी, राजपूत, मराठा वगैरे, प्रत्येकाची पगडी वेगळी, बसायची उभं राहायची ढब वेगळी. खालून मान मोडते पण दुर्बीण घेऊन बघा. इमारतीचा आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा, लंडनचा मोठा आर्किटेक्ट, आणि तो आयुष्यात एकदाही मुंबईला आला नाही! तिकडे बसून नकाशे काढले आणि धाडून दिले. त्यामुळे कमानी, खिडक्या, तो सगळा व्हेनिसचा थाट विलायती, आणि वर पगड्या बांधून बसलेली माणसं अस्सल इथली. साहेबाने जर हे वर जाऊन बघितलं असतं तर काय म्हटला असता कुणास ठाऊक.

कॉन्व्होकेशन हॉल पण त्याचाच, १८७४ ला पुरा झाला. त्यासाठी लाख रुपये देणारे कावसजी जहांगीर रेडीमनी. हो, आडनावच रेडीमनी, घराण्याचा धंदाच रोख पैसा पुरवायचा. आवारात बसलेला पुतळा त्यांचा. हॉलच्या मोठ्या गोल खिडकीत रंगीत काचांमध्ये बारा राशी आहेत. पदवी घेताना आपली रास शोधायची असा आमच्या बॅचचा उद्योग होता, प्रमुख पाहुण्यांचं भाषण त्यात बरं जायचं.

आणि घड्याळ पूर्वी १६ सुरावटी वाजवायचं. रूल ब्रिटानिया, गॉड सेव्ह द क्वीन, होम स्वीट होम, सगळा माल. म्हणजे वेळ मुंबईची आणि गाणी राणीची. आता एकच धून वाजते.

ओव्हल_मैदान

"वेळ मुंबईची आणि गाणी राणीची", हे मी चोरणार.

रानड्यांबद्दल कुणीच काही लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. १८६२ चे पहिले बीए चौघे: महादेव गोविंद रानडे, रा. गो. भांडारकर, बाळ मंगेश वागळे, वामन आबाजी मोडक. सांगतात की एल्फिन्स्टन कॉलेजात असताना रानड्यांनी निबंधात मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना केली आणि इंग्रजांना कमी लेखलं. प्रिन्सिपॉल अलेक्झांडर ग्रँट चिडले, जे सरकार तुला शिकवतंय त्याच्याविरुद्ध लिहितोस म्हणून सहा महिने स्कॉलरशिप बंद. आणि ह्याच ग्रँटनी रानड्यांचा इतिहासाचा पेपर नमुना म्हणून विलायतेला धाडला अशीही गोष्ट सांगतात. दोन्ही गोष्टी एकाच माणसाबद्दल असू शकतात हे मला सगळ्यात पटतं, चांगला मास्तर असाच असतो.

पुढे हेच रानडे विद्यापीठात मराठीला जागा मिळावी म्हणून सिनेटमध्ये वर्षानुवर्षं भांडले. मुंबई विद्यापीठात मराठी नव्हती, हे आज कुणाला खरं वाटेल का? जानेवारी १९०१ मध्ये ते गेले, आणि हे भांडण त्यांच्या शेवटच्या दिवसांपर्यंत चाललं होतं. पहिले भारतीय कुलगुरू मात्र त्यांचे मित्र काशिनाथ त्र्यंबक तेलंग, १८९२ ला, आणि पुढच्याच वर्षी वारले, वय अवघं ४३.

समाजशास्त्री_अर्धा

आमच्या डिपार्टमेंटचं पण येऊ द्या. १९१९ ला मुंबईत समाजशास्त्र विभाग काढला आणि चालवायला आणला कुणाला, तर पॅट्रिक गेडिस. मूळचा वनस्पतीशास्त्रज्ञ, कामाने नगररचनाकार. त्यांच्यानंतर आले गो. स. घुर्ये, ते मूळचे संस्कृतचे. म्हणजे देशातला हा नावाजलेला समाजशास्त्र विभाग उभा केला एका झाडंवाल्याने आणि एका संस्कृतवाल्याने. इरावती कर्वे घुर्यांच्या विद्यार्थिनी, एम. एन. श्रीनिवास पण. ॲडमिशनला "तुमचा बेस वेगळा आहे" म्हणून नाक मुरडणाऱ्यांना हे सांगत चला.

सिंधूकाठ

उशिरा आलो. माझे आजोबा कराचीत शिकले आणि त्यांच्या सर्टिफिकेटवर मुंबई विद्यापीठ होतं, लहानपणी मला वाटायचं आजोबा थापा मारतात. मग कळलं, सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, कराचीचं डी. जे. सिंध कॉलेज मुंबईलाच जोडलेलं. तिकडे धारवाड, इकडे अहमदाबाद, वर कराची, सगळे एकाच विद्यापीठात. १९४७ ला सिंधचं वेगळं झालं, १९४९ ला पुणे, गुजरात, कर्नाटक वेगळे झाले आणि मग मुंबईकडे मुंबई उरली. फाळणीनंतर आमच्या घरात जमिनीचा एक कागद राहिला नाही, पण ते सर्टिफिकेट राहिलं आणि त्याच्या जोरावर आजोबांना इथे नोकरी मिळाली, कारण विद्यापीठ तेच होतं.

जुनी_जाणती

सिंधूकाठ, हे वेगळं काढून सविस्तर लिहा प्लीज. स्वतंत्र धागा होईल.

हिशेबनीस

अहमदाबादवरून एक राहिलं. १८८७ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला अहमदाबाद सेंटरवर काठियावाडचा एक मुलगा बसला होता. ६२५ पैकी २४७.५ मार्क. म्हणजे ३९.६ टक्के. मोहनदास करमचंद गांधी.

कलिनाचा_डास

थांबा थांबा. ३९.६?? माझे ४१ आहेत. हा प्रतिसाद आत्ताच्या आत्ता फॅमिली ग्रुपवर टाकतोय, बाबा ऑनलाईन दिसतायत.